पुस्तके बांधणाऱ्या हाखामाची पुण्यतिथी

वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत पुण्यतिथीवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. बाहेर आंब्यांना मोहोर येऊन गेलेला आहे, मुलांच्या परीक्षा आटोपल्या आहेत, आणि आम्ही मात्र एका मृत माणसाचा विषय घेऊन उभे आहोत. परंतु आमचा नाइलाज आहे, कारण ती तारीखच वसंतातली आहे. १७ एप्रिल १८५६ या दिवशी मुंबईत एक हाखाम, म्हणजे यहुदी धर्माचा ज्ञाता, मरण पावला. त्याचे नाव शेल्लोमो सालेम शुर्राबी. पोटासाठी तो पुस्तकांची बांधणी करीत असे. आम्ही शिवडीतले कामगार कार्यकर्ते. आमचे पहिले पोटही बाइंडिंगवरच भरले. तेव्हा या माणसाबद्दल आम्हांला जवळीक वाटली, तर ती क्षम्य मानावी.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपण ‘पुण्यतिथी’ म्हणतो, ‘मृत्युतिथी’ म्हणत नाही. शब्द घडविणाऱ्यांनी मरणाला बाजूला ठेवले आणि पुण्याला पुढे केले. आता प्रश्न असा की हे पुण्य कोणाचे? गेलेल्याचे, की मागे राहिलेल्याचे? गेलेल्याचे असेल तर ते त्याने आपल्या हयातीत केले आणि हिशेब मिटला. आपण हार घालून मोकळे. परंतु मागे राहिलेल्याचे असेल, तर त्या दिवशी आपल्याला काही काम करावे लागेल. यहुदी परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट दिले आहे, आणि ते समजून घेणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

यहुदी पंचांग आपल्यासारखेच चंद्रावर चालते. एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरून ते सूर्याशी मेळ घालते. त्यामुळे त्यांच्याकडेही मृत्यूची आठवण तारखेने नव्हे, तिथीने पाळली जाते. आदल्या संध्याकाळी दिवा लावतात. तो रात्रभर आणि दुसरा दिवसभर तेवत ठेवतात. त्या दिवशी मिश्ना या धर्मग्रंथाचा काही भाग वाचतात. याचे एक गमतीचे कारण सांगतात. हिब्रूत ‘मिश्ना’ आणि ‘नेशामा’, म्हणजे आत्मा, या दोन शब्दांची अक्षरे तीच आहेत, केवळ क्रम वेगळा. मग दान देतात. आणि सभामंदिरात ‘कद्दिश’ नावाची प्रार्थना म्हणतात. या प्रार्थनेचे वैशिष्ट्य असे की तीत मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही. ईश्वराची थोरवी आणि शांतीची याचना, एवढेच तीत आहे. मात्र ती एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेने त्यासाठी दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. घरात कोंडून घेऊन दुःख करावयाची मुभा आहे, पण स्मरण करावयाचे तर माणसे जमवली पाहिजेत. आम्हांला हे वाचून आपला १९२६ चा कामगार संघटना कायदा आठवला. त्या कायद्यात संघटनेची नोंदणी करावयास किमान सात माणसे लागत. सात काय आणि दहा काय, एकट्याच्या हाताने काही कामे होत नाहीत, हे दोघांनीही ओळखले होते.

या सर्वामागचा विचार असा आहे. धर्माने सांगितलेली सत्कर्मे करण्याचा अधिकार जिवंतांचाच आहे. मेलेल्या माणसाला दिवा लावता येत नाही, भुकेल्याला वाढता येत नाही, अडाण्याला शिकवता येत नाही. यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी चार कोपऱ्यांना गोंडे असलेली शाल पांघरतो. ते गोंडे त्याला आज्ञांची आठवण देण्यासाठी असतात. तो मेला की त्याला त्या शालीत गुंडाळतात, पण एक गोंडा कापून टाकण्याची प्रथा आहे. त्याची कर्तव्ये संपली, हा त्याचा अर्थ. मग त्याची राहिलेली कामे कोणी करावयाची? ज्याच्या शालीचे गोंडे अजून शाबूत आहेत, त्याने.

संतपुरुषांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी पुढे जाते. मोठ्या सत्पुरुषाच्या मृत्युदिनाला काही यहुदी समाजांत ‘हिलुला’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ लग्नसोहळा. आपल्याकडे पिराचा उरूस भरतो. त्या अरबी शब्दाचा अर्थही लग्नच. सत्पुरुष मेला म्हणजे त्याचे मीलन झाले, म्हणून तो दिवस रडण्याचा नव्हे, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे. १९५० च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे लुबाविच पंथाचे गुरू वारले. त्यांचे जावई मेनाकेम मेंडेल श्नेअरसन यांनी पहिले वर्षश्राद्ध येण्यापूर्वी अनुयायांना पत्र लिहून त्या दिवशी काय काय करावे ते कळविले. दिवा लावा, गुरूंच्या ग्रंथांतले काही शिका, स्वतःच्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाने दान द्या, मुलांना जवळ बसवून गोष्ट सांगा. ही कामांची यादी होती. पुढे श्नेअरसन स्वतः त्या पंथाचे गुरू झाले आणि १२ जून १९९४ रोजी वारले. त्यांच्या तिथीलाही त्यांचे अनुयायी जगभर सत्कर्माचा संकल्प करूनच तो दिवस पाळतात.

त्याच पंथाचे एक तरुण दांपत्य, गॅव्रिएल आणि रिवका होल्ट्झबर्ग, २००३ मध्ये आपल्या मुंबईत कुलाब्याला आले. नरिमन हाउसमध्ये त्यांनी वाटसरूंसाठी स्वयंपाकघर आणि प्रार्थनेची जागा चालवली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दोघेही मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे वाचला, कारण सँड्रा सॅम्युअल या त्याच्या दाईने गोळीबार चालू असताना त्याला उचलून बाहेर आणले. ऑगस्ट २०१४ मध्ये ते घर पुन्हा उघडले. ज्या घरात माणसे मारली गेली, तेथेच पुन्हा पाहुण्यांना जेवू घालावयाचे, हे त्यांचे स्मारक. हा प्रसंग आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे घडलेला असल्याने त्याचा विस्तार आम्ही करीत नाही. आम्हांला सांगावयाची आहे ती गोष्ट त्याहून दीडशे वर्षे जुनी आहे, आणि ती मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची आहे.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबागजवळ नवगाव आहे. तेथील किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांचे वंशज कोकणातल्या गावोगावी पसरले. केहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे ऐकली की ती आपल्याच आळीतली वाटतात. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. पुस्तके बुडाली, हिब्रू भाषा विसरली, पण आठवड्याचा सातवा दिवस विश्रांतीचा, हे ते विसरले नाहीत. आमच्या गिरणगावाला याची किंमत कळावयास हवी. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. कोकणातला तेली जी गोष्ट शेकडो वर्षे पाळत होता, ती मुंबईच्या गिरणी मालकांकडून मिळवावयास एवढा झगडा करावा लागला.

पुढे यातली कित्येक कुटुंबे मुंबईला आली. कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले, कोणी सुतारकाम, गवंडीकाम करू लागले. सामाजी हसाजी दिवेकर हे पलटणीतले अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. तेथून सुटून परत आल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवी भागात समाजाचे पहिले सभामंदिर बांधले. ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, असे त्याचे नाव. बेने इस्रायल लोक आपल्या सभामंदिराला ‘मशीद’ म्हणत आणि मशीद स्टेशनाचे नाव त्यावरून पडले, असे सांगतात. सुटका झाल्याचा आनंद मेजवानी देऊन साजरा करता आला असता. सामाजींनी त्यातून एक इमारत उभी केली.

इमारत झाली, पण तीत म्हणावयाच्या प्रार्थना शिकवणार कोण? १८२६ पासून कोचीनकडचे यहुदी गुरुजन मुंबईस येऊ लागले. १८३३ च्या सुमारास तर दोनशेच्या आसपास कोचीनकर येथे येऊन राहिले. दुसऱ्या बाजूने मिशनरी होते. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहून काढले. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. शिळाछापाचे यंत्र शहरात स्थिरावत होते आणि १८४६ साली मुंबईत हाग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचावयाची पोथी, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशी छापली गेली. एक समाज आपले विसरलेले पुस्तक पुन्हा हाती घेत होता, आणि ते मराठीतून हाती घेत होता. कागदाचा, शाईचा आणि खळीचा तो काळ होता. त्या काळात आमचा बाइंडर उभा आहे.

त्याची हकीकत आपल्यापर्यंत पोचली ती हाईम सॅम्युअल केहीमकर यांच्यामुळे. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. चाळीस वर्षे हस्तलिखित थांबले. त्या जाड ग्रंथात शुर्राबींच्या वाट्याला थोड्याच ओळी आल्या आहेत, पण त्या ओळींत सर्व काही आहे. मुंबईत नव्याने निघालेल्या सभामंदिरात ते हज्जान होते, म्हणजे प्रार्थना चालविणारे. धर्मग्रंथ वाचून दाखविणे, प्रवचन करणे, नियमशास्त्राचा अर्थ सांगणे, मुलांची सुंता करणे, विधीप्रमाणे पशू कापणे, ही सर्व कामे तेच करीत. असे सुमारे अठरा वर्षे. यासाठी त्यांना वर्षाला शंभर रुपये मिळत. म्हणून पोटासाठी पुस्तके बांधीत. आणि केहीमकरांनी मुद्दाम नोंदवले आहे की हातातले काम चालू असतानाही कोणी बेने इस्रायल शास्त्रातली अडचण घेऊन आला, तर ती उलगडून सांगावयास ते सदैव तयार असत.

श्रोतेहो, आम्ही संघटनेची माणसे, आकडा दिसला की भागाकार केल्यावाचून राहवत नाही. वर्षाला शंभर म्हणजे महिन्याला आठ रुपये, पाच आणे, चार पै. या आकड्यापुढे थोडे थांबले पाहिजे, कारण येथेच आपल्या भाविकपणाला एक खोड जडलेली आहे. ‘पाहा, किती अल्प वेतनात किती थोर सेवा!’ असे म्हणून आपण डोळे पुसतो. आम्ही असे म्हणणार नाही. हीच वाक्ये आम्ही मालकांच्या तोंडून ऐकली आहेत. अंगणवाडीच्या बाईला, बालवाडीच्या शिक्षिकेला, रुग्णालयाच्या आयाला पगार वाढवून मागितला की तिला सेवाभावाची शिकवण दिली जाते. केहीमकरांनीसुद्धा त्या शंभर रुपयांचे कौतुक केलेले नाही, ती रक्कम क्षुल्लकच म्हटली आहे. हज्जानाला पोटभर वेतन देणे हे समाजाचे कर्तव्य होते, ते झाले नाही. हा भाग समाजाच्या खात्यावर. ज्याला कमी मिळाले त्याने तरीही विचारणाऱ्याला परत पाठविले नाही, हा भाग त्याच्या खात्यावर. ही दोन खाती आपण एकत्र करू नयेत. त्याचे मोठेपण गरिबीत नव्हते. सुईदोरा हातात असताना मान वर करून ‘बोल, काय अडले आहे?’ असे विचारण्यात होते.

बाइंडिंगचे काम ज्यांनी केले आहे त्यांना यातला कस कळेल. आम्ही पंधराव्या वर्षी त्या कामाला लागलो. १९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही, आणि लालबागच्या एका गाळ्यात आम्ही फर्मे मोडावयास बसलो. छापलेला कागद दुमडून त्याची सोळा पाने करावयाची, हाडकाच्या पट्टीने घडी दाबावयाची, फर्म्यावर फर्मा ठेवून दोऱ्याने शिवावयाचे, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवावयाचा. हात थांबला की हिशेब बुडतो, कारण मजुरी नगावर. दोऱ्याचा ताण एकदा सुटला की आधीचे टाके सैल पडतात. अशा वेळी कोणी प्रश्न विचारला तर राग येतो, हा आमचा अनुभव आहे. त्या गाळ्यात आम्ही वाचावयास शिकलो, पण कसे? आमच्या हाती पुस्तकाचा एकच फर्मा येई. पुढचा शेजारच्या मुलाकडे. त्यामुळे मराठीतली कित्येक पुस्तके आम्हांला आजही पान तेहेतीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंतच ठाऊक आहेत. उरलेले ज्याने सांगितले तो गाळ्यातला एक म्हातारा शिलाईवाला होता. त्याला विचारले की तो काम न थांबवता सांगे. दोरा ओढताना थांबे, गाठ मारली की पुन्हा बोलू लागे. म्हणून केहीमकरांच्या त्या ओळी वाचल्या तेव्हा त्या हाखामाचा चेहरा आम्हांला त्या म्हाताऱ्याचा वाटला.

आता त्या वर्षाकडे पाहू. १८५६ च्या फेब्रुवारीत ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी चालू झाली, मुंबईतली पहिली. तिच्या मागोमाग पुढील साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, शिवडी या भागांत ज्या गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, त्यांची ती थोरली बहीण. तिचा भोंगा वाजू लागून दोनच महिने झाले होते, तोच १७ एप्रिलला, गुरुवारी, शुर्राबी वारले. यहुदी पंचांगाचे गणित मांडले तर ती निसान महिन्याची बारावी तिथी येते. शनिवारी रात्री वल्हांडण सुरू होणार होते. ज्या रात्री घरातले लहान मूल विचारते की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यावयाचे असते, त्या रात्रीच्या दोन दिवस आधी समाजाला अर्थ सांगणारा माणूस गेला. परंतु त्या शनिवारी प्रश्नाला उत्तर मिळाले असणार, कारण दहा वर्षांपूर्वी छापलेली मराठी हाग्गादा तेव्हा होती, आणि अठरा वर्षे त्यांच्याकडून ऐकलेली माणसे होती.

त्या तिथीची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वल्हांडणाच्या सणात आंबवलेले अन्न चालत नाही. बेखमीर भाकरी लागते. म्हणून सण येण्यापूर्वी गरिबांना गव्हासाठी पैसे देण्याची फार जुनी यहुदी चाल आहे. कोणाच्या घरी सणाच्या रात्री भाकरी नाही असे होऊ नये, ही जबाबदारी सगळ्या गावाची. तेव्हा निसानच्या बाराव्या तिथीला ज्याचे स्मरण करावयाचे, त्याच्या नावाने काय करावे हे विचारावयासही नको. त्या दिवसांचे कामच ठरलेले आहे: शेजाऱ्याच्या डब्यात पीठ आहे की नाही ते पाहणे.

शुर्राबींच्या मागे काय उरले? त्यांच्या मृत्यूच्या वेळी केहीमकर पंचविशीत होते. पुढे १८७५ मध्ये त्यांनी मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. योगायोग असा की पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती याच १८७५ साली. एका ठिकाणी मोठ्यांना ऐकावयास बसवले, दुसऱ्या ठिकाणी मुलांना. त्या शाळेत पुढे यहुदी नसलेली मुलेही मोठ्या संख्येने शिकली, आणि १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला निघून गेल्यावर तर शिकणारी जवळजवळ सगळी मुले इतर समाजांचीच राहिली. जुन्या मुंबईच्या काही सभामंदिरांत आता कद्दिशसाठी दहा माणसे जमविणे अवघड जाते. गेलेल्यांनी मात्र मराठी नेली. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी काढले. समाज गेला आणि शाळा राहिली, हे दुःखाचे वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या समाजाला दुसऱ्या गावचे गुरू येऊन शिकवून गेले, त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी बाके ठेवून जावे, हा हिशेब बरोबर जुळतो.

आपल्याकडेही हा विचार नाही असे नाही. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगाने गेले. प्लेगग्रस्तांची सेवा करता करता गेले. दादरला चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लाखो माणसे येतात, आणि परत जाताना त्यांच्या पिशव्यांत पुस्तके असतात. आमच्या बाइंडिंगच्या गाळ्यांत त्याआधीचा महिनाभर रात्रपाळी चाले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. अलीकडच्या वर्षांत हार-मेणबत्त्यांऐवजी वह्या आणि पेने आणा, असे आवाहन केले जाते. हा बाबासाहेबांचा खरा मान होय.

परंतु दुसऱ्यांना शहाणपण सांगण्यापूर्वी आमच्या हातून झालेली चूक सांगितली पाहिजे. आमचा एक जुना सहकारी कामावर असतानाच हृदयविकाराने गेला. त्या कारखान्यात त्याची चार वर्षे झाली होती. वर्षाने आम्ही त्याची पुण्यतिथी केली. शिवडीच्या चौकात मंडप, ध्वनिक्षेपक, त्याची मोठी तसबीर, तीन भाषणे. त्यांतले सर्वांत लांब आमचे. त्याच्या पत्नीला व्यासपीठावर बसवून शाल दिली. सभा संपल्यावर माणसे पांगली, मंडपवाला खांब उपटू लागला, आणि ती बाई आमच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, माझ्या कागदाचं काय झालं?”

कागद आमच्या कचेरीच्या कपाटात होता. आठ महिन्यांपूर्वी तिने आणून दिला होता. मालकाने तिला सांगितले होते की पाच वर्षे भरली नाहीत, सबब ग्रॅच्युइटी नाही. तिने ते खरे मानले होते. फक्त एकदा विचारून पाहावे म्हणून कागद आमच्याकडे दिला होता. १९७२ च्या कायद्याने कामगार मरण पावल्यास पाच वर्षांची अट राहत नव्हती. हे आम्हांला पाठ होते. वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे चार वर्षांचे साठ दिवसांचे वेतन तिचे येणे होते. सांगावयास दोन मिनिटे आणि अर्ज भरावयास अर्धा तास लागला असता. ती दोन मिनिटे आम्ही आठ महिन्यांत काढली नाहीत, आणि तिच्या नवऱ्याच्या गुणांवर पाऊण तास बोललो. मंडपाचा खर्च काढून पाहिला, तो तिच्या येण्याच्या निम्म्याला आला.

दुसऱ्याच दिवशी अर्ज गेला आणि चार महिन्यांनी पैसे मिळाले. बाईने कधी बोल लावला नाही. पण त्या रात्री आम्हांला कळले की शालीचे गोंडे मेलेल्याचे कापावयाचे असतात. आम्ही जिवंतपणीच आमचे कापून घेतले होते.

त्यानंतर आमच्या कचेरीने एक नियम केला, आणि तो आम्ही आजवर पाळत आलो आहोत. कोणाही सहकाऱ्याच्या पुण्यतिथीला सभा नाही. त्या दिवशी सकाळी नऊ ते रात्री नऊ कचेरी उघडी राहते. ज्याला जे अडले असेल त्याने ते घेऊन यावे: पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, रुग्णालयाचा कागद, मुलाच्या शाळेचा दाखला. सभासद असो वा नसो. तसबिरीपुढे दिवा असतो आणि तिच्याच टेबलावर फॉर्म भरले जातात. आरंभी लोक कमी आले. आता रांग लागते, आणि रांगेतली माणसेच एकमेकांना समजावून सांगू लागतात, हे त्यातले सर्वांत मोठे फळ. ज्याचे काम गेल्या वर्षी झाले तो या वर्षी दुसऱ्याचा अर्ज वाचावयास बसतो. अशी दहा माणसे तरी आता आमच्याकडे तयार आहेत.

यंदापासून आम्ही त्या यादीत आणखी एक दिवस घातला आहे, तो १७ एप्रिलचा. आमच्यांत कोणी यहुदी नाही. त्या हाखामाची प्रार्थना आम्हांला येत नाही आणि त्याचा धर्म आम्ही आपला म्हणणार नाही. परंतु तो मुंबईचा हातावर पोट असलेला माणूस होता, बाइंडर होता, आणि विचारणाऱ्याला त्याने कधी परत पाठविले नाही. एवढे नाते आम्हांला पुरेसे आहे. त्या दिवशी संध्याकाळी कचेरीत वाचनाचा वर्ग सुरू होतो आहे. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांच्यासाठी तो आहे, वयाची अट नाही. दोन शिक्षिका येण्यास तयार झाल्या आहेत. त्यांना मानधन दिले जाईल, आणि ते महिन्याला आठ रुपये पाच आणे चार पै असणार नाही, याची काळजी आम्ही घेतली आहे. आपणांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी यावे. येताना हार आणू नये. घरात पडून असलेले एखादे पुस्तक आणावे. पाठ निखळलेली असली तरी चालेल. सुई, दोरा आणि खळ कचेरीत आहे.